दूध पाजायची वेळ

बाळाला उचलायला गेलेले हात सुनेनं मागे घेतले आणि पाठीशी घट्ट गुंफले. पाळण्यातलं रडणं आता टिपेला पोहोचलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला अजून अर्धा तास होता.

"बघूच नकोस त्याच्याकडे," सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत म्हणाल्या. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या त्या.

"भूक लागलीये हो त्याला, आई."

"भूक नाही, हट्ट आहे तो. चार तासांनी दूध, मधे थेंब नाही. मेट्रनबाईंचा नियम. रडलं की लावलं छातीला, हे अडाण्यांचं काम, म्हणायच्या. आपल्याला अडाणी राहायचंय का?"

मेट्रनबाई गोऱ्या. गोऱ्यांचं राज्य गेलं, मागोमाग त्याही बोटीत बसून आपल्या देशी गेल्या. या घरात मात्र त्यांचा शब्द अजून खाली पडत नव्हता. आताच्या डॉक्टरीणबाईंनी मागेल तेव्हा पाजायला सांगितलं होतं. सासूबाईंनी ते निमूट ऐकलं आणि जिना उतरताना म्हटलं, "हल्ली कुणीही उठतं आणि डॉक्टर होतं."

सुनेचे कपडे छातीशी भिजले. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"हेही असेच रडायचे का, आई?"

सासूबाईंचा हात थांबला.

"हा? अख्खं इस्पितळ डोक्यावर घ्यायचा. मी दाराबाहेर उभी. मेट्रनबाई आत, हातात घड्याळ घेऊन." घातलेली घडी पुन्हा मोडत त्या म्हणाल्या, "माझेही कपडे असेच भिजायचे. त्या म्हणायच्या, शाबास."

पाळण्यातून आता नुसते हुंदके येत होते. सासूबाई उठल्या. स्टूल ओढून त्यावर चढल्या. जळमटं काढतायत की काय, असं सुनेला वाटलं. त्यांनी घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा बोटानं हळूच ढकलत बारावर नेला. घड्याळानं इमानेइतबारे चार टोले दिले.

"मागे पडत होतं मेलं," त्या खाली उतरत म्हणाल्या. "बघत काय राहिलीस? वेळ झाली. घे त्याला."

बाळ छातीला लागलं आणि घर एकदम निवलं. सुनेचे आखडलेले खांदे सैल झाले. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. बाळाचा इवलासा तळवा त्यांनी मुठीत धरला.

"सावकाश पिऊ दे," त्या म्हणाल्या. "कसली घाई नाही."