सिस्टरच्या गाडीची खडखड

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. गळ्यातली नव्हे, बैलाचीही नव्हे. मोटारीच्या इंजिनातली टायमिंग चेन. खाली पिस्टन वरखाली करतात, वर झडपा उघडझाप करतात. त्यांची टक्कर होऊ द्यायची नाही, एवढेच माझे काम. दातेरी चाकाचे दोन दात जरी चुकले तरी इंजिनाचा निकाल लागू शकतो. हे काम मी एकवीस वर्षे केले. आता बोलायचाही कंटाळा येतो, पण ऐका.

जपानच्या कारखान्यात माझ्या कड्या जुळल्या. तिथे दहा वर्षे सपाट रस्त्यांवर फिरले. मग गाडी जुनी झाली म्हणून बोटीवर चढली आणि टांझानियात, न्जोम्बेच्या थंड डोंगरात, लुवांडा मास्तरांच्या अंगणातल्या अवोकाडोखाली येऊन थांबली. मास्तर भूगोलाचे, निवृत्त. गाडीच्या दुरुस्तीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. रविवारी चर्चहून आले की कोट काढून बॉनेट उघडायचे. "ही चेनची गाडी आहे, रबरी पट्ट्याची नव्हे. आयुष्यभर बघायला नको," असे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मित्रांनो, त्या कौतुकानेच माझा घात केला. कारण मग खरेच कोणी बघितले नाही.

मला ताठ धरायला एक टेन्शनर असतो. त्याच्यात तेल चढले की तो मला दाबून ठेवतो. धुक्यातल्या सकाळी तेल चढायला वेळ लागे आणि तोवर मी सैल लोंबत खडखडत असे. आधी तीन सेकंद, मग दहा. शेजारचा म्लोवे बटाट्याचा ट्रक चालवतो. त्याने तोडगा सांगितला.

"मास्तर, ट्रकचं जाड तेल ओता. आमच्या ट्रकचा खोकला त्यानंच गेला."

"अगदी गेला?"

"नंतर ट्रकही गेला. पण खोकला आधी गेला होता."

एवढे ऐकूनही मास्तरांनी ते तेल ओतले. सगळा डोंगर हेच करतो. दुपारी मी गप्प आणि सकाळी दुप्पट खडखड, कारण जाड तेल आणखी उशिरा चढे. अशी दोन वर्षे काढली.

माझा आवाज कोणाला खुपत नव्हता, त्यालाही कारण होते. मास्तरांच्या पत्नी एस्टा सिस्टर दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी डोंगरातली बाळंतपणे करतात. गाडी खरी त्यांच्यासाठीच. वरच्या वाड्यांपर्यंत ती जात नाही. वळणावर थांबते, पुढे पायवाट. शेवटच्या चढावर जोर पडला की मी पुन्हा खडखडे आणि ते वर ऐकू गेले की "आली गं सिस्टर!" म्हणत दोघीतिघी बायका पिशवी घ्यायला धावत उतरायच्या. हॉर्नला कोणी भीक घालत नाही, तो ट्रकवाले दिवसभर वाजवतात. मी कण्हत होते आणि लोकांना आनंद होत होता. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

वरच्या वाडीत सेलिना राहते. तिचे पहिले मूल गेले, कारण वेळेवर कोणी पोहोचले नाही. दुसऱ्या खेपेला सिस्टरने तिला शब्द दिला होता, "मी येणारच." तिचे दिवस भरत आले आणि एका मंगळवारी चढ संपला तरी माझी खडखड थांबेचना. गाडीने गचका खाल्ला. मी कसाबसा दात धरून ठेवला.

"मास्तर, हा आजाऱ्याचा आवाज आहे," घरी येताच सिस्टर म्हणाल्या.

"अगं, चेनच्या गाडीला काही होत..."

"सेलिनाला या आठवड्यात कळा लागतील. वाटेत हे बंद पडलं तर काय करू? तुमचा भूगोल शिकवू तिला?"

मास्तरांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला लावले, दुसरे कानाला. मग टेन्शनर काढून पाहिला. त्याचा दांडा पार टोकापर्यंत बाहेर आला होता. आणखी ताणायला काही उरलेच नव्हते. पुढचे झाकण उघडले. खाली तेलात माझ्या आधाराच्या पट्टीचे तुकडे पडले होते. नवी चेन आणून त्यांनी आम्हा दोघींना एकाच खिळ्याला टांगले. मी नखभर खाली लोंबत होते. ताणून ताणून मी तेवढी लांब झाले होते.

"दोन वर्षं ही ओरडत होती," ते हळूच म्हणाले, "आणि मी तिच्या तोंडात बोळा कोंबत होतो."

ते ऐकून माझा निम्मा शीण गेला.

शुक्रवारी सकाळी नवी चेन, आधाराची नवी पट्टी आणि नवा टेन्शनर बसला. खुणा जुळल्या, झाकण बंद झाले, पातळ ताजे तेल भरले. तेवढ्यात वाडीतून फोन आला, सेलिनाला कळा सुरू झाल्या. मास्तर किल्ली फिरवणार, इतक्यात सिस्टर म्हणाल्या, "थांबा."

बाळंतपण झाले की कात्र्या, चिमटे, कापूस मोजल्याशिवाय सिस्टर कधी उठत नाहीत. तशीच त्यांनी मास्तरांनी अंगणात चादरीवर काढून ठेवलेली एकेक वस्तू मोजली.

"नव्या टेन्शनरच्या खोक्यावर चित्रात एक बारीक पिन आहे. ती कुठाय?"

मास्तरांनी किल्लीवरचा हात काढला. टेन्शनर बसेपर्यंत ती पिन त्याला दाबून ठेवते. बसला की ओढून काढायची. ती आतच राहिली होती. किल्ली फिरली असती तर सैल राहिलेली नवी पोरगी पहिल्याच झटक्यात दात सोडून गेली असती.

"अगं, परत उघडायला दीड तास लागेल. आणि तिथे कळा..."

"आत्ताच सुरू झाल्यात, दीड तास आहे तिच्याकडे. वाटेत अडकले तर काहीच नाही. उघडा."

मास्तरांनी उघडले. पिन काढली, चादरीवर ठेवली. पान्याने इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवून पाहिले, कुठे अडत नाही ना. मगच किल्ली. इंजिन सुरू झाले आणि अंगणातल्या कोंबड्यासुद्धा दचकल्या नाहीत.

मी पत्र्याच्या बादलीत, मागच्या सीटखाली होते. भंगारात जायचे होते. सिस्टर एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. वळणावर थांबल्या, पण कोणीच आले नाही. हॉर्न वाजवला, तरी नाही. धुके दाट, पिशवी जड, त्यांचे गुडघे साठीचे. मग त्यांनी बादली उचलली आणि गदागदा हलवली.

"आली गं सिस्टर!" वरून आवाज आला. तिघी धावत खाली आल्या. दुपारी सेलिनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मित्रांनो, तुमच्या घरातले यंत्र कुरकुरले तर त्याला गप्प करू नका, त्याला काय दुखते ते शोधा. वेळेवर स्वच्छ तेल घाला. आणि झाकण लावण्याआधी मोजा.

मला वाटले होते, आता तरी निजायला मिळेल. कसले काय! बादली अजून गाडीतच आहे. वळण आले की सिस्टर मला हलवतात. फक्त आता मी खडखडते तेव्हा आत काही तुटत नसते.