पार्वताबाईंच्या गळ्याजोग्या तारा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. गोंदियाकडच्या सौंदड गावी मेश्रामांच्या घरी, समोरच्या खोलीत, उन्हापासून जरा दूर मला टांगून ठेवलेले असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही पाहिली असेल तशी सपाट छातीची गिटार मी नाही. माझी छाती व्हायोलिनसारखी फुगीर, कमानदार आहे. मधोमध गोल भोक नाही. दोन बाजूंना दोन वळणदार खाचा आहेत. जॅझ नावाचे परदेशी संगीत वाजवणारे लोक अशा गिटारी वापरतात, म्हणून मला जॅझ गिटार म्हणतात.

माझा जन्म कोलकात्याचा. एका कारागिराने जाड फळी आतून-बाहेरून कोरून माझी छाती घडवली. कोरताना तो मध्येच थांबे, बोटाने टकटक करी आणि कान लावून ऐके. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. माझी घोडी त्याने चिकटवली नाही. ती नुसती तारांच्या दाबावर उभी राहते. त्यामुळे तारा म्हणजे केवळ माझा आवाज नव्हे. त्या फार जड झाल्या तर माझी छाती दबते. फार हलक्या झाल्या तर घोडी खुळखुळते. पुढे माझ्यावर आणि माझ्या माणसांवर जे गुदरले, त्यात या तारांचा मोठा वाटा होता.

सुरुवातीची वर्षे मी नागपूरच्या एका हॉटेलातल्या बँडमध्ये काढली. माझा वादक गोव्याचा होता. म्हातारपणी तो गावी परत निघाला, तेव्हा त्याने मला ताराचंद मेश्राम यांच्या हाती दिले. ताराचंद रेल्वेच्या लाइनवर काम करत. नागपूरला आले की हॉटेलच्या मागच्या दारी उभे राहून माझे वाजणे ऐकत. गोव्याच्या त्या माणसाने ते कित्येकदा पाहिले होते.

ताराचंद मला सौंदडला घेऊन आले, कानात साठवलेले वाजणे बोटांनी शोधत शिकले आणि माझे दिवस पालटले. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भातपिकाच्या मुलखात, धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडप पडतात, बैलगाड्या आणि मोटारसायकली भरभरून माणसे येतात. ताराचंद नाटकाच्या वाद्यवृंदात मला वाजवत आणि त्यांची बायको पार्वताबाई गाणी म्हणत. गावच्या बौद्ध विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमांतही आम्ही असायचो. पार्वताबाईंचा आवाज भरदार होता, मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत जाई. ताराचंद त्या आवाजाच्या खाली माझा आवाज अंथरत. लोक म्हणत, ही गिटार दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, पण ती थांबली की गाणे उघडे पडते. याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

मग एका पावसाळ्यात ताराचंद गेले. त्यानंतर वर्षभरातच पार्वताबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झाले, जीव वाचला, पण आवाज खरखरीत आणि बारीक झाला. दोन ओळी म्हटल्या की तो तुटे. त्यांनी गाणे सोडून दिले. कोणी म्हणायला सांगितले तर त्या उठून कामाला लागत.

मी भिंतीवर राहिले. माझ्या तारांना गंज चढला, खाचांतून कोळ्यांनी जाळी विणली. पार्वताबाई घर झाडताना माझ्याकडे पाहत नसत. मला त्यांचा राग आला नाही. नवरा आणि आवाज, दोन्ही ज्यात होते ती वस्तू डोळ्यांसमोर नकोशी होणारच.

त्यांची मुलगी अल्का सडक अर्जुनीच्या दवाखान्यात नर्स आहे. लहानपणी वडिलांच्या मांडीशी बसून ती माझ्यावर शिकली होती. यंदा विहारातल्या बायका बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी पार्वताबाईंना गाण्याचा आग्रह करायला आल्या. पार्वताबाईंनी चहा पाजून त्यांना वाटेला लावले. अल्काने ते दारातून पाहिले. आई त्या रात्री जेवली नाही, हेही तिने पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने मला भिंतीवरून उतरवले.

गंजलेल्या तारांसकट ती मला गोंदियाला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराला सगळे भैयाजी म्हणतात. भैयाजींनी कांस्याचा वेढा असलेल्या, चकचकीत, जाड तारा चढवल्या. गोल भोकाच्या गिटारीला त्या छान शोभतात. माझ्या छातीवर मात्र त्यांचा असा दाब आला की मला श्वास घेणे जड झाले. शिवाय माझ्या मानेखाली आवाज उचलणारा एक लहान चुंबक आहे. त्याला लोखंड कळते, कांसे नीट कळत नाही. स्पीकरला जोडल्यावर खालच्या सुराच्या चार तारा जवळजवळ गप्प राहिल्या आणि वरच्या सुराच्या दोन उघड्या पोलादी तारा किंचाळू लागल्या.

अल्काने आईला शेजारी बसवले. पुष्कळ मनधरणीनंतर पार्वताबाईंनी एक ओळ उचलली. माझ्या किंचाळण्याखाली ती ओळ दिसेनाशी झाली. त्यांनी जोर लावला, आवाज फाटला, त्या थांबल्या.

"माहा आवाज राहिला नाही आता," त्या म्हणाल्या. "कायले तरास देऊन राहिली मले?"

त्या उठून परसात गेल्या. अल्का माझ्यावर हात ठेवून बसून राहिली. तिला वाटले, दोष आईच्या गळ्याचा आहे. मित्रांनो, मला माहीत होते की दोष माझ्या अंगावरच्या तारांचा आहे. पण कोणाचे बोट पडल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि बोट पडले तरी मी त्या तारांच्याच आवाजात बोलणार. त्या दिवसाइतके असहाय मला कधी वाटले नाही.

अल्काने हार मानली नाही. तिने फोनवरून बारीक पोलादी तारा मागवल्या. माझ्या छातीवरचा भार उतरला, किंचाळणे गेले. पण घोडी खुळखुळू लागली आणि नवेच दुखणे निघाले. त्या तारांवर बारीक गोल तारेचा वेढा होता. बोट एका सुरावरून दुसऱ्यावर सरकले की चर्र असा आवाज निघे. अल्का संध्याकाळी एकटीच वाजवत बसली होती. पार्वताबाई दारात उद्याचे तांदूळ निवडत होत्या. चर्र, पुन्हा चर्र. शेवटी त्यांनी सूप खाली ठेवले.

"तुह्या बाबाच्या हातून असा आवाज नव्हता येत."

अल्काचा हात थांबला. "मंग कसा येत होता? सांग ना, आई."

पार्वताबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "कार्यक्रम झाला का तारा मीच पुसत होती, फडक्यानं. गुळगुळीत राहत. बोट कुठीच अडकत नव्हतं."

एवढे बोलून त्या माझ्याजवळ आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तारेवरून बोट फिरवले आणि नापसंतीने मान हलवली. ही नव्हे, म्हणाल्या. मग ताराचंद सूर कसा दाबत, तो गोल आणि आखूड कसा निघे, हे त्या सांगत राहिल्या. चुलीवरचा भात लागला तरी त्यांचे लक्ष नव्हते. अल्काने त्यांना मध्ये थांबवले नाही.

पुढच्या सुट्टीला मायलेकी दोघी मला घेऊन गोंदियाला गेल्या. पार्वताबाईंनी भैयाजींना आपल्या भाषेत सगळे समजावले. भैयाजींनी माझ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले.

"ये तो फ्लॅट तार की बात है, बाई," ते म्हणाले. "गोल नाही, चपट्या पट्टीचा वेढा राहते त्याले. इधर कोई मांगत नाही, म्हणून मी ठेवत नाही. मागच्या वेळी गोल भोकाची बॉक्सवाली गिटार समजून जाड तारा देऊन टाकल्या. मंगवा देता हूं."

त्यांनी मुंबईहून तारा मागवल्या, आणि माझे वय पाहून फार जड नको, मध्यम घ्या असेही सुचवले. तारा आल्यावर अल्काने त्या घरीच चढवल्या. एक काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. सगळ्या एकदम काढल्या असत्या तर माझी घोडी जागा सोडून गेली असती आणि सूर बिघडले असते. पार्वताबाई शेजारी बसून प्रत्येक तार पुसून देत होत्या. मग अल्काने मला नेहमीपेक्षा खालच्या सुरात मिळवले, आईच्या आताच्या गळ्याला झेपेल इतके खाली.

तिने पहिला सूर छेडला आणि माझा हरवलेला आवाज मला परत मिळाला. ना चमक, ना चरचर. पार्वताबाईंनी डोळे मिटले आणि न सांगता गुणगुणू लागल्या. त्या खरखरीत आवाजाला माझ्या सुराच्या वर पुरेशी जागा होती.

बुद्ध पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. उन्हाळा असा की भिंतींना हात लावता येत नव्हता. पार्वताबाई उभ्या राहिल्या. पहिले कडवे सरळ गेले. दुसऱ्यात आवाज तुटला. मला वाटले, आता अल्का घाबरून जोरात वाजवील, आईचे तुटणे झाकायला पाहील. तिने तसे केले नाही. तिने हात आणखी हलका केला, एकच सूर धरून ठेवला आणि वाट पाहिली. पार्वताबाईंनी त्या सुरावर पाय टेकावा तसा गळा टेकवला आणि पुढची ओळ अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली.

मागच्या रांगांना ती ऐकू गेली नाही. तेवढ्यात एक म्हातारी उठली आणि भिंतीकडे जाऊन तिने पंखा बंद केला. मग कोणी दुसरा बंद केला, कोणी कूलर. त्या उकाड्यात सगळे गाव घामाने भिजत, पदराने वारासुद्धा न घेता बसून राहिले आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिले.

मित्रांनो, पार्वताबाईंचा जुना आवाज परत आला नाही, येणारही नाही. तरी त्या आता रोज संध्याकाळी गातात. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने वाद्य पडून असेल तर त्याला उन्हापासून आणि ओलीपासून जपा, वाजवून झाल्यावर पुसून ठेवा. तारा घेताना मात्र चमक पाहू नका. ते वाद्य कोणाच्या सोबतीला वाजणार आहे ते आधी पाहा, आणि त्या माणसाजवळ बसून त्याचे म्हणणे ऐका. भात लागला तरी चालेल.