कुंकू तेवढं लाल

बाजाराच्या दिवशी सकाळीच लीलाधर आबा धरणगावातल्या नूतनच्या फोटो स्टुडिओत आले. मोबाईल तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, "हाऊ फोटो मोठा कर. नुसतं तोंड घे. बठ्ठं काळंपांढरं, कुंकू तेवढं लाल ऱ्हाऊ दे. रूपाना करेल व्हता ना, तसाच."

नूतनच्या हातातली कात्री थांबली. असा फोटो कुणाचा करतात ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचा. रूपा ही आबांची पहिली सून, मळ्यातल्या विहिरीत पाय घसरून गेली म्हणे. मोबाईलमध्ये होती पूनम, दुसरी. कालच ती दळणाचा डबा घेऊन स्टुडिओवरून गेली होती.

"आबा, काय झालं पूनमला?"

"तिले काय व्हनार शे? घर शे, भाकरी करी ऱ्हायनी. दोन्ही सुना हॉलमा जोडीनं शोभतीन." आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आनि मांगना सारखा उशीर नको. दहाव्याले रिकाम्या पाटले हार घालना पडना. लोके नावं ठेवतस."

बियाणं आधी आणून ठेवावं, तसं बोलून माणूस निघून गेला.

नूतननं फोटो कॉम्प्युटरवर उघडला. आखाजीच्या सणाचा होता, शिरपूरला माहेरी काढलेला. झोक्याची दोरी धरून पूनम हसत होती. हात वर गेल्यानं बांगड्या कोपराकडं सरकल्या होत्या आणि मनगटावर बोटांचे वळ, निळेकाळे, उठून दिसत होते. आबांनी फक्त तोंड बघितलं होतं. बाईच्या मनगटाकडं बघतो कोण?

तिनं पूनमच्या भावाला, अमृतला फोन लावला. फोटो त्यानंच काढलेला.

"नांदायला दिली म्हणजे थोडं सोसावं लागतं, ताई. तुम्ही कशाला मधे पडता?"

"तुझ्या डोळ्यांना काय झालं होतं रे, फोटो काढताना?"

त्यानं फोन ठेवला. नूतननं शिवी हासडली आणि कामाला बसली. झोका काळापांढरा केला. साडी केली, हसणं केलं. कुंकूही करडं करून टाकलं. रंग ठेवला तो फक्त मनगटाचा. फोटो मोठा काढला, फ्रेममध्ये बसवला, रस्त्याकडच्या काचेत टांगला आणि खाली लिहिलं : पूनम, आबांची धाकटी सून. जिवंत आहे.

दुपारपर्यंत काचेपुढं गर्दी झाली. कुणी म्हणालं, घरची अब्रू चव्हाट्यावर आणली. मेथी विकणाऱ्या सुनंदाबाईंनी काचेला नाक लावलं आणि म्हणाल्या, "हाई काय बांगडी रुतेल नही. हाऊ गड्याना पंजा शे."

आबा आले. गर्दी बाजूला झाली.

"काढ तो."

"पूनमला घेऊन या. ती म्हणाली तर काढते." नूतन मुद्दाम मोठ्यानं बोलली.

"हा आबा, आना ना पोरले," सुनंदाबाई म्हणाल्या. "आम्ही बी देखू."

एवढ्या लोकांत नाही म्हणता येईना. आबांनी पूनमला आणलं. वैशाखाच्या उन्हात पोरीनं मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घातलं होतं. आबांचा हात तिच्या पाठीवर होता.

"सांग तिले. काढ म्हन."

पूनम काचेतल्या आपल्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "राहू द्या."

आबांचा हात पाठीवरून खाली आला. आत शिरून त्यांनी भिंतीवरच्या नूतनच्या लग्नाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हाऊ बी मोठा करी ठेव, माय," ते हळूच म्हणाले. "कुंकू तेवढं लाल."

ते गेले. पूनम आत येऊन स्टुलावर बसली. सुनंदाबाई दारात टोपली टेकवून आडव्या बसल्या. पूनमनं बाहीचं हूक काढलं आणि कापड खांद्यापर्यंत वर सरकवलं.

"अक्का," ती म्हणाली, "याचा पण काढा. रंगीत."