वैदेहीच्या आई बोलताय का

"वहिनी, फुकटच्या मच्छरदाणीसाठी एवढं सगळं कशाला सांगताव?" माझी नणंद निकिता म्हणाली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी, उमरग्याला आली होती. वैदेही दीड महिन्याची झाल्यावर आम्ही तिला डोस द्यायला नेलं. दवाखान्याबाहेर एक मुलगी फुकट मच्छरदाण्या वाटत टेबल टाकून बसलेली. "अगं, लसीची आठवण करतील," म्हणत मी बाळाचं नाव, जन्मतारीख, निकिताचा नंबर, सगळं सांगून टाकलं.

तिसऱ्या महिन्यात वैदेही न्यूमोनियानं गेली. फोन मात्र येतच राहिले. "वैदेहीच्या आई बोलताय का? बाळाला वरचं खाणं सुरू केलं?"

मी नंबर काढून टाका म्हणून मागे लागले. दवाखाना म्हणाला, टेबल आमचं नव्हतं. मच्छरदाणीवाली कंपनी म्हणाली, आमच्या ॲपवर विनंती करा. ॲपला आधी बाळाचा ताजा फोटो हवा. शेवटी माझ्या लहानग्या उत्कर्षला कडेवर घेऊन पोलीस ठाण्यात गेले.

हवालदारानं विचारलं, "पैसं गेलं का?"

"नाही."

"मग काय गेलंय, ताई?"

खासगी माहितीचा कायदा झालाय, म्हटलं. "झाला असंल की," तो म्हणाला, "आमच्यापत्तुर यायचाय अजून."

घरी येऊन चिडून उत्कर्षचाच फोटो ॲपवर चढवला. तो आता कुठं फिरत असेल, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी परसात निकिता फोनवर बोलत होती. "व्हय, वैदेहीचीच आई. खालचे दोन दात आलेत. लई चावती." आणि ती हसली. पलीकडची बाई बाळाच्या दुधाची पावडर विकत होती.

सासूबाईंना सांगितलं, तर त्या पुटपुटल्या, "गेल्या लेकराचं नाव काढू नये, बाई." घरात ते नाव कुणी काढतच नव्हतं. मीसुद्धा.

आठवड्यानं 'विनंती मंजूर' असा मेसेज आला. फोन थांबले. निकिता सासरी, ईटला गेली. मागच्या महिन्यात इकडं आली तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, माझ्या फोनला काय झालंय बघा की. वाजतच न्हाय."

तेव्हापासून मीच रोज तिला फोन करते. जेवलीस का, पाणी आलं का, एवढंच. पुढचं तोंडातून निघत नाही.

ईटकडं कुणाचं जाणं झालं, तर तिच्याकडे डोकावून या. ती चहा टाकेल. वैदेहीचं विचारा. नाव घेऊन विचारा.