बोर्डाखालची जागा

केशोराव सर बाकावरून उठले की हुकुमचंदची मान आपोआप तिकडं वळायची. गोंदियाच्या शाळेत त्यांनीच त्याला बास्केटबॉल शिकवला होता. आज, सत्तावन्नच्या हिवाळ्यात, रेल्वेच्या मैदानावर भंडाऱ्याशी अंतिम सामना होता. सर गोंदियाच्या संघाचे प्रशिक्षक आणि हुकुमचंद पंच.

"हुकुम, काऊन शिट्टी नाही वाजवली? डोळे आहेत का नाही?"

उत्तर द्यायला तो कडेला सरकला. तेवढ्यात बोर्डाखाली भंडाऱ्याचा एक पोरगा आडवा झाला. त्याला कुणी पाडलं, हे हुकुमचंदला दिसलंच नाही. लोकांनी एकच गलका केला.

मध्यंतरात दुसरा पंच उदेलाल, त्याच्याहून वयानं मोठा, त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तू खेळ पाहून राहिला, का सरले? बाकाकडची बाजू मले दे. सरसंग मी बोलतो. तू बोर्डाखाली राह्य. दोघं भिडले का त्यांच्या मधली फट दिसन, असा सरक. चेंडू नोको पाहू, अंग पाह्य."

उत्तरार्धात हुकुमचंदच्या पायांना थारा नव्हता. सरांचा आवाज येतच होता, पण आता लांबून.

शेवटची मिनिटं, गुण बरोबरीत. गोंदियाच्या खेमराजनं उसळून चेंडू टोपलीत टाकला आणि लोक नाचायला लागले. हुकुमचंदनं शिट्टी फुंकली. चेंडू सुटण्याआधीच खेमराजचं कोपर समोरच्या पोराच्या छातीत बसलं होतं. गुण रद्द!

सर थेट मैदानात आले. उदेलाल आडवा आला, पण हुकुमचंदच पुढं आला.

"सर, धक्का तुमच्या पोराचा आहे."

'तुमच्या' म्हणताना त्याची जीभ अडखळली.

"कुठी उभा होता तू?"

"इथं."

सर त्या जागी जाऊन उभे राहिले. समोर पाहिलं, मग खेमराजकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. सर बाकावर जाऊन बसले. भंडाऱ्याला फ्री थ्रो मिळाला, आणि सामनाही.

सर सायकल घेऊन निघाले, तेव्हा हुकुमचंद मागोमाग धावला. "सर, रागावले का?"

"रागावलो. आज बोलू नोको माह्यासंग. उद्या बोल."

उद्या म्हणाले, एवढ्यानंच त्याला धीर आला. तरी पाय घराकडं वळेनात. दिवे लागेपर्यंत तो मैदानाभोवती नुसता फिरत राहिला.