चौदा जणी, एकच नाव

मी एका वेबसाइटवरची लिंक बोलतेय. निळी, खाली रेघ असलेली. मी डूख धरणारी आहे, हे आधीच सांगते.

माझा जन्म २००७ सालचा, राजारामपुरीतला. सोमेश नावाच्या वेबसाइट बनवणाऱ्या तरुणाने कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेसाठी आम्हा चौदा जणींना घडवलं. माझ्यावर लिहिलं, ‘हॉस्टेल ॲडमिशन फॉर्म’, शेजारणीवर ‘चेअरमनसाहेबांचा फोटो’. काय तोरा होता माझा!

संस्थेचे चेअरमन हंबीरराव पडदा बघून म्हणाले, “एक लांबडी, एक आखूड! कवायतीच्या पोरींगत एका मापाच्या दिसू देत की.”

सोमेशला उलट बोलायचं धाडस कुठलं? आमची नावं त्याने वरच्या रंगीत चित्रांत टाकली आणि चौदाही जणींवर एकच लिहिलं, ‘क्लिक हिअर’. हंबीरराव खूश. मी मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले.

पुढच्या जूनमध्ये, हॉस्टेलच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी, नांदणीची राजमती कॉलेजच्या संगणकावर बसली. तिला दिसत नाही. तिथला संगणक तिला लिंका वाचून दाखवतो, पण चित्रातलं त्याला कळत नाही. तो म्हणत गेला, क्लिक हिअर, क्लिक हिअर, क्लिक हिअर.

“चौदा जणी दारात हुब्या हाईत आन् एकबी नाव सांगंना!” राजमती वैतागली.

ती एकेक उघडत गेली. क्रीडा महोत्सव. टेंडर. नेट रखडत होतं. मी नववी. ती सातवीवर पोचली तेव्हा पाच वाजले आणि लॅब बंद झाली. हॉस्टेल हुकलं. वर्षभर ती काठी घेऊन दोन-दोन एसट्या बदलत राहिली. मी तिच्यासाठीच होते आणि मला हाक मारता आली नाही.

वर्षाने ती वडिलांना, अण्णाप्पांना, घेऊन संस्थेत आली. लिंका वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिने पेन ड्राइव्हमधून आणलं आणि हंबीररावांच्या संगणकावर चालू केलं.

“साहेब, डोळं मिटा आन् तुमचा फोटो उघडून दावा,” राजमती म्हणाली.

“त्यात काय हाय?” हंबीररावांनी डोळे मिटले. क्लिक हिअर, क्लिक हिअर. त्यांनी बटण दाबलं. संडास दुरुस्तीचं टेंडर उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सगळा स्टाफ बघत होता, सोमेशही. असं सुख मला जन्मात मिळालं नव्हतं.

“सोमेश, नावं घाल रं सगळ्यांस्नी!” ते ओरडले.

राजमतीने तिथेच अर्ज भरला आणि तिला हॉस्टेल मिळालं. निघताना ती सोमेशला हळूच म्हणाली, “दादा, साहेबांचं तेवढं ऱ्हाऊ दे की तसंच.” सोमेश हसला.

आज तेरा जणींना नावं आहेत. हंबीररावांच्या फोटोची लिंक अजून ‘क्लिक हिअर’च आहे. त्यांना पत्ता नाही, त्यांना वरचं चित्र दिसतं ना!

तुम्ही वेबसाइट बनवणार असाल, तर प्रत्येक लिंकवर ती कुठे नेते ते लिहा. नाहीतर एक दिवस डोळे मिटून स्वतःला शोधायला लावीन.