टोपलीत टाका

जुन्या पानावर दाबता येतील अशा एकूण त्रेचाळीस जागा होत्या. नऊ बटणं, अकरा बाटल्यांची चित्रं, चौदा दुवे, सहा हलत्या जाहिराती आणि दाबूनही काहीच होत नाही अशा तीन. फळांचा सोडा विकणाऱ्या कंपनीच्या या वेबसाइटवर सोडा विकत घेण्याची जागा मात्र एकच होती, आणि तीही सगळ्यात खाली. मी दोनदा मोजलं. मोजणं हेच माझं काम. रसायनशास्त्राची पदवी घेऊन वेबसाइट बनवणाऱ्या या ऑफिसात आल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून लोक वेबसाइट कशी वापरतात, कुठे अडतात, ते मी स्टॉपवॉच लावून पाहते.

या वेळी आमच्या ऑफिसच्या मॅडमनी पहिल्यांदाच नवं पान आखायचं काम मला दिलं. आणि लगेच पुढे म्हणाल्या, "बारकीपण एक आखेल. दोन्ही पानं बारा जणांना दाखवू. ज्याच्यावर ऑर्डर लवकर होईल ते ठेवू, आणि कंपनीचं पुढचं सगळं काम ते आखणारीकडे."

बारकी माझी मावसबहीण. सात महिन्यांपूर्वी तिला इथे मीच चिकटवलं. ती मला ताई म्हणते, म्हणून आता अख्खं ऑफिस मला ताई म्हणतं, पन्नाशीचे छपाईवाले काकासुद्धा. मी चोवीस वर्षांची आहे.

"बारकीला जरा सांभाळून घे हं," आई जेवताना म्हणाली. "मावशीचा फोन होता. मॅडम तिचं फार कौतुक करतात म्हणे."

"माझंही करतात."

"तू कधी बोलली नाहीस."

यावर मी पाणी प्यायले.

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. चाचणीच्या आधी तीन दिवस आखलेली पानं छापून व्हरांड्याच्या भिंतीवर लावायची. ज्याला चूक दिसेल त्याने पिवळी चिठ्ठी चिकटवायची. चाचणी गुरुवारी होती, त्यामुळे सोमवारी सकाळी दोन्ही पानं भिंतीवर लागली.

माझ्या पानावर अकरा चवी होत्या, सरळ रांगांत, अक्षरांच्या क्रमाने, प्रत्येकीखाली साखरेचं प्रमाण. बारकीच्या पानावर एकच प्रश्न होता: कशासाठी हवंय? त्याखाली तीन बटणं. 'तहान लागलीय', 'पाहुणे येणार आहेत', आणि 'नुसतंच'. त्यातलं काही दाबलं की त्याला शोभतील अशा तीन-चार बाटल्या समोर यायच्या.

'नुसतंच' वाचून मॅडम हसल्या. छपाईवाले काका हसले. मलाही हसू येत होतं, म्हणून मी तिथून निघाले. मला ते सुचलं नव्हतं, आणि वर्षभर बसले असते तरी सुचलं नसतं, हे माझं मलाच कळत होतं.

दुपारी माझ्या पानावर एक पिवळी चिठ्ठी दिसली. 'ताई, बाटल्यांचा आकडा शून्यापासून का? जो येईल त्याला एक तरी हवीच ना?' शेजारी एक हसरी बाटली काढलेली. म्हणणं बरोबर होतं. मी पाच मिनिटांत शून्याचा एक केला.

"बघितलीस का चिठ्ठी?" बारकीने विचारलं.

"हं," मी म्हटलं.

मग मी तिच्या पानासमोर जाऊन उभी राहिले आणि चूक शोधायला लागले. ती सापडायला मिनिटसुद्धा लागलं नाही. बाटली निवडल्यावर येणाऱ्या बटणावर लिहिलं होतं 'टोपलीत टाका', आणि शेजारी टोपलीचं चित्र. वर रुंद, खाली निमुळती, उभ्या रेघांची. आमच्या प्रत्येक टेबलाखाली जी असते ती. बारकीबाईंनी मान खाली घालून समोर दिसली तशी काढली होती. चित्र कचऱ्याच्या टोपलीचं आणि शब्द 'टाका'.

मी चिठ्ठी लिहिली. 'टाका म्हणजे फेका वाटेल. टोपली कचऱ्याची दिसते. शब्द आणि चित्र दोन्ही बदल.' सवयीने वर तारीख आणि वार घातला. मग ती चिठ्ठी माझ्या खणात ठेवली. उद्या लावू, असं स्वतःला सांगितलं. मंगळवारी आणि बुधवारीही तेच सांगितलं.

गुरुवारी सकाळी पहिले सहा जण झाले. काम सगळ्यांना एकच: पाहुण्यांसाठी सहा बाटल्या मागवा. कोणाला आधी माझं पान, कोणाला आधी तिचं. बारकीच्या पानावर सगळे झरझर बाटलीपर्यंत पोचायचे आणि तिथे थबकायचे. एका शिंपीणबाईंनी तर बोट मागे घेतलं.

"टाका? अगं, अजून झाकण उघडलं नाही, टाकू कशी?"

मी वही खाली धरून हसू दाबलं. सहा जणांची सरासरी: माझ्या पानावर एकेचाळीस सेकंद, तिच्या पानावर चौऱ्याण्णव. इतकं गार वाटलं की सांगता सोय नाही.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी आकडे पाहिले. "मांडणीच फसली, बारके. लोकांना प्रश्न आवडत नाहीत. सरळ रांगाच बऱ्या."

"मलाही तसंच वाटायला लागलंय," बारकी म्हणाली. तिचा डबा तसाच होता. "ताईसारखं करायला हवं होतं. 'नुसतंच'बिनुसतंच, उगाच आगाऊपणा केला मी."

हे ऐकायला मी सात महिने आसुसले होते. पण ते चूक होतं. मांडणी फसली नव्हती; बाटलीपर्यंत लोक माझ्यापेक्षा तिच्या पानावर लवकर पोचत होते, तेही माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. अडत होते ते एका शब्दावर. आकडे माझे, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष खोटा. मला ती जिंकायला नको होती. पण माझ्या आकड्यांतून असं काही निघणं त्याहून नको होतं.

मी उठले, खण उघडला आणि चिठ्ठी तिच्या डब्याशेजारी चिकटवली.

तिने वाचली. मग वरची तारीख वाचली.

"सोमवार," ती म्हणाली.

"हो."

"आज गुरुवार आहे, ताई."

"माहीत आहे."

मॅडम आधी माझ्याकडे आणि मग खिडकीकडे बघायला लागल्या. बारकीने डब्याचं झाकण लावलं. नंतर तिने विचारलं, "पिशवी काढू की खोका?"

"पिशवी. धरायचे दोन बंद दिसू देत. आणि 'टाका' नको, 'ठेवा'."

"ते कळलं मला," ती म्हणाली. या वेळी तिने ताई म्हटलं नाही.

बदलायला वीस मिनिटं लागली. मॅडम म्हणाल्या, सकाळचे सहा सोडून द्या, आता पुढच्या सहांचंच धरू. स्टॉपवॉच त्यांनी मला दिलं नाही, बारकीलाही दिलं नाही; छपाईवाल्या काकांच्या हातात ठेवलं. मी वहीत लिहायला बसले.

दुपारचे सहा जण, तेच काम, तीच खोली. माझ्या पानावर सरासरी बेचाळीस सेकंद. बारकीच्या पानावर एकोणतीस.